नोकरीवरून काढलंय? औद्योगिक न्यायाधिकरणात जाण्याआधी या चुका टाळा

कामगाराची बाजू खरी असते, तरी दावा हातचा जातो. आणि तोही साक्षीपुरावा सुरू होण्याआधीच, हे जास्त जिवाला लागतं.

सगळ्यात महाग पडतं ते वाट बघणं. "साहेबांशी बोलणं चाललंय, पुढच्या महिन्यात परत घेतील" या आशेवर वर्ष निघून जातं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. बडतर्फीविरुद्ध औद्योगिक न्यायाधिकरणात, म्हणजे कामगार-मालक वाद निकाली काढणाऱ्या न्यायालयात, स्वतः अर्ज करायला पूर्वी तीन वर्षं होती, आता दोनच आहेत. कुणी जुन्या माहितीवर तीन सांगितली, तर विसंबून राहू नका. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही.

दुसरी चूक सहीची. समोर टाइप केलेला कागद येतो: "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, माझे काहीही येणे बाकी नाही." तारखेची जागा कोरी. "सही केलीस तरच हिशोब मिळेल," असं सांगतात. सही झाली की ती दबावाखाली घेतली हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि ते फार अवघड आहे. सही करू नका. झालीच असेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल आणि स्पीड पोस्टाने घडलेलं कळवा, पोचपावती जपा. पैसे घेतानाही पावतीवर "हक्क राखून स्वीकारले" असं स्वतःच्या हाताने लिहा.

थेट न्यायाधिकरणाचं दार ठोठावू नका. आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार आणि मालकात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यायचा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर पुढचा रस्ता मोकळा होतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

"माझ्या ओळखपत्रावर मॅनेजर लिहिलंय, मी कामगार नाही," असं धरून पुष्कळजण जातच नाहीत. हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष काम बघितलं जातं. हाताखाली कुणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर मशीनवर किंवा नोंदीच करता, तर नुसत्या नावाने हक्क जात नाही. खरोखर देखरेखीचं काम असेल, तर मात्र पगार महिना १८,००० रुपयांपर्यंत असेल तरच कायदा कामगार मानतो.

वर्षभरात २४० दिवस काम केल्याचा (कायद्यात हीच सलग वर्षभराची नोकरी धरतात) पुरावाही आधी कामगारालाच द्यावा लागतो. नुसतं शपथपत्र पुरत नाही. हजेरीचे फोटो, पगाराच्या बँक नोंदी, पीएफ पासबुक हे सगळं नोकरीत असतानाच बाजूला काढा. गेटबाहेर पडल्यावर कंपनीचा ईमेल बंद होतो.

बडतर्फीपासूनच्या काळाचा मागील पगार हवा असेल, तर बडतर्फीनंतर दुसरीकडे कमाई नव्हती हे अर्जात स्पष्ट लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार एवढं म्हटलं की उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते.