लिनक्स व विंडोजसाठी लिबयूव्हीची बिल्ड जुळवणे

यवतमाळकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये कापसाच्या वजनाच्या नोंदी घेणारा प्रोग्राम काट्याजवळच्या लिनक्स संगणकावर आणि कार्यालयातल्या विंडोज संगणकावरही चालवायचा असेल, तर त्यातील लिबयूव्ही ही इव्हेंट लूप लायब्ररी (नेटवर्क, फाइली अशा घटनांची वाट पाहून त्या हाताळणारा तयार कोड) प्रत्येक प्रणालीसाठी वेगळी बांधावी, म्हणजे सोर्स कोडपासून चालण्याजोगी तयार करावी लागते; यालाच बिल्ड म्हणतात. घटना घडल्याचे कळण्यासाठी ती त्या-त्या प्रणालीची सोय वापरते: लिनक्सवर ईपोल, मॅकओएसवर केक्यू आणि विंडोजवर आयओसीपी. त्यानुसार कोणत्या फाइली घ्यायच्या हे सीमेक हे बिल्डची आखणी करणारे साधनच ठरवते, त्यात हात घालू नये.

गावात नेटचा भरवसा नसल्याने सोर्स एकदाच उतरवून पेन ड्राइव्हने नेणे उत्तम. मात्र बिल्डचे फोल्डर सोबत नेऊ नये, कारण त्यातील सीमेककॅश फाइलमध्ये पहिल्या संगणकावरचा पूर्ण मार्ग आणि कंपायलर (सोर्सचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) नोंदलेला असतो. सीमेकला ‘-एस’ने सोर्सचे आणि ‘-बी’ने बिल्डचे फोल्डर सांगावे.

खरी काळजी रिलीज बिल्ड, म्हणजे प्रत्यक्ष वापरासाठीची बिल्ड, निवडताना घ्यावी. लिनक्सवर मेकफाइल (बांधणीच्या पायऱ्यांची फाइल) वापरताना ‘सीमेक_बिल्ड_टाइप’ला ‘रिलीज’ हे मूल्य कॉन्फिगर करतानाच, म्हणजे बांधण्याआधी सीमेक चालवतानाच, द्यावे लागते. विंडोजवरचे बिल्डचे साधन व्हिज्युअल स्टुडिओ ते मूल्य विचारात घेत नाही; तिथे प्रत्यक्ष बांधताना ‘--कॉन्फिग रिलीज’ लिहावे, अन्यथा सहसा डीबग, म्हणजे चुका शोधण्यासाठीची, बिल्ड तयार होते.

आपल्या प्रोग्रामला स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रामच्याच फाइलमध्ये सामावणारे, ‘यूव्ही_ए’ हे टार्गेट (सीमेकमधील बांधायच्या लायब्ररीचे नाव) जोडावे, असे माझे मत आहे. त्यामुळे लिबयूव्हीची डीएलएल (विंडोजवरची स्वतंत्र लायब्ररी फाइल) वेगळी सांभाळावी लागत नाही आणि विनसॉक या विंडोजच्या नेटवर्क लायब्ररीसारख्या आवश्यक लायब्ररी सीमेक आपोआप जोडते. शेवटी दोन्ही संगणकांवर सीमेकसोबत येणाऱ्या सीटेस्टने लिबयूव्हीच्या चाचण्या चालवाव्यात.