वेस्टर्नच्या डिस्क घेताय? या चुका टाळा

मागच्या गणपतीत मेहुणे न्यू जर्सीहून आले ते कपड्यांच्या घड्यांत 'गनस्मोक' या जुन्या अमेरिकन वेस्टर्न, म्हणजे काउबॉयवाल्या मालिकेच्या डीव्हीडींचा डबा लपेटून. रात्रीची आरती उरकली, डिस्क प्लेअरमध्ये सरकवली आणि टीव्हीवर एकच ओळ उमटली : रिजन चुकीचा. "दाजी, खराब निघाली वाटतं," मेहुण्यांचा चेहरा उतरला. डिस्क ठणठणीत होती. खराब डिस्क क्वचितच मिळते. कव्हरच्या मागच्या बाजूचं बारीक अक्षर मात्र आपण कधीच वाचत नाही.

रिजन म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा शिक्का. अमेरिकेच्या डीव्हीडीचा रिजन १, युरोपचा २, आपला ५. ब्लू-रेची वाटणी वेगळी : अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. फोर-के डिस्कला रिजनची भानगडच नाही. डीव्हीडी प्लेअरचं कुलूप बऱ्याचदा रिमोटवरची ठरावीक बटणं दाबून उघडतं (आमचं उघडलं), ब्लू-रेचं सहसा नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर मात्र प्रयोग करत बसू नका. तिथे रिजन पाचच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो निवडाल तोच कायमचा. आणि प्लेअरच अमेरिकेतून आणला असेल तर प्लग लावण्याआधी मागचं लेबल बघा. त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय तो आपल्या २३० वर जळेल.

मिनिटं कमी दिसली की 'कापलाय' म्हणू नका

ही चूक माझी स्वतःची. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) १६५ मिनिटांचा, हे मला पाठ. युरोपातून मागवलेल्या डीव्हीडीवर १५८ दिसले आणि मी विकणाऱ्याशी तावातावाने भांडलो. नंतर शरमलो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, पाल पद्धतीची (युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीची) डीव्हीडी २५ ने. म्हणजे सगळं चार टक्के भरभर. एकही फ्रेम गेलेली नसते, पण सूर चढतो. या सिनेमातल्या हार्मोनिकाची ती रडवी धून थोडी वर लागते, आणि कान तयार असेल तर ते खुपतं.

हिशेब सोपा आहे. पाल डीव्हीडीच्या मिनिटांना २५ ने गुणा, २४ ने भागा. १५८ चे साधारण १६५ होतात, म्हणजे सिनेमा पूर्ण. याच सिनेमाची अमेरिकेत चाललेली १४५ मिनिटांची प्रत मात्र खरोखर कापलेली होती.

उलटाही प्रकार असतो. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' अमेरिकेत १६१ मिनिटांचा लागला होता. २००३ मध्ये गाळलेले प्रसंग जोडून तो १७९ च्या आसपास नेला. त्या प्रसंगांचं इंग्रजी डबिंग कधी झालंच नव्हतं. मग सिनेमातल्या नटांना, सत्तरी ओलांडलेल्या क्लिंट ईस्टवुडला आणि एलाय वॉलकला, पुन्हा माइकसमोर उभं केलं. तिसरा नट ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेलेला, त्याला दुसऱ्याचा आवाज दिला. तिशीतल्या चेहऱ्यातून म्हाताऱ्याचा आवाज आला म्हणून स्पीकरच्या वायरी तपासू नका. जास्त मिनिटं म्हणजे जास्त चांगला सिनेमा असंही नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी १६१ वालाच देतो.

ओठ आणि शब्द जुळत नसले तरी सेटिंगमध्ये आवाज मागेपुढे करत बसू नका. इटालियन वेस्टर्नमध्ये (वरचे दोन्ही सिनेमे त्यातलेच) नट आपापल्या भाषेत बोलत आणि आवाज नंतर स्टुडिओत भरत. इटालियन ट्रॅक लावलात तरी तेच होणार. मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) ट्रॅक असेल तर तो निवडा. नव्या फाइव्ह पॉइंट वन (चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीच्या) मिक्समध्ये कधीकधी बंदुकीचे बारसुद्धा बदललेले असतात.

काळ्या पट्ट्या राहू द्या

"एवढा मोठा टीव्ही घेतला आणि वर-खाली काळं?" असं म्हणत घरात कोणीतरी झूमचं बटण दाबतंच. जुन्या, चौकोनी चित्राच्या डीव्हीडींनी हेच पाप आधीच केलंय. उंचीच्या २.३५ पट रुंद चौकट ४:३ मध्ये कोंबली की जवळजवळ ४३ टक्के चित्र जातं. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या शेवटी स्पेनमधल्या सॅड हिल दफनभूमीत तिघं त्रिकोणात उभे, हात पिस्तुलांशी. चौकोनी प्रतीत त्यातला एखादा चौकटीबाहेरच. 'हाय नून' (१९५२) उलट मुळातच चौकोनी. त्याच्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतील, येऊ द्या. 'हाउ द वेस्ट वॉज वन'मध्ये दोन पुसट उभ्या रेघा दिसल्या तर टीव्हीच्या पडद्याला दोष देऊ नका. तीन फिल्मपट्ट्या शेजारी शेजारी जोडल्याचे ते सांधे आहेत. आणि टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) आधी बंद करा, नाहीतर वेस्टर्नमधलं ते लाल खडकांचं मॉन्युमेंट व्हॅली दुपारच्या मालिकेच्या सेटसारखं दिसतं.

स्वस्त गठ्ठ्यांपासून जपून. मार्लन ब्रँडोने दिग्दर्शित केलेला 'वन-आइड जॅक्स' (१९६१) आणि 'बोनान्झा' या मालिकेचे काही सुरुवातीचे भाग अमेरिकेत कॉपीराइटमधून निसटले, म्हणून धुरकट प्रतींचा सुळसुळाट झाला. 'बोनान्झा'च्या शीर्षकधुनेचा हक्क मात्र शाबूत, त्यामुळे त्या प्रतींवर बहुधा भलतंच संगीत चिकटवलेलं असतं. 'वन-आइड जॅक्स' घ्यायचाच तर २०१६ मध्ये दुरुस्त झालेली प्रत घ्या, फरक रात्र-दिवसाचा आहे. 'जँगो' नावाचे डझनभर सिनेमे दिसतील. १९६६ च्या मूळ सिनेमाचा अधिकृत दुसरा भाग १९८७ चा, तेवढा एकच.

माळ्यावर जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील तर पावसाळ्यानंतर कॅसेटच्या खिडकीतून टेपची कड बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट चुकूनही व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते. तिला वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा.