निर्जन वाटेवर सायकल कशी न्यावी आणि अनोळखी दार कसं ठोठवावं

ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड ४६५५ मीटर उंचीवर आहे. ऑस्ट्रेलियात आयर महामार्गाचा एक पट्टा जवळजवळ १४६ किलोमीटर एकदाही वळत नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, पॅटागोनियातला पश्चिमेचा वारा तर सामान लादलेली सायकल रस्त्याबाहेर लोटतो. अशा वाटांवर दोन गोष्टी तारून नेतात, आपली तयारी आणि परक्या माणसांचा चांगुलपणा. दुसरी गोष्ट नशिबावर सोडायची, असा समज आहे. मला तो पटत नाही. मदत मागण्याची आणि घेण्याचीही रीत असते, आणि ती शिकता येते.

आधी सायकल

वाटेत दुरुस्त होईल अशीच घ्या. स्टीलची फ्रेम तडकली तर साधा वेल्डरही जोडून देऊ शकतो. स्पोक तुटतात ते बहुधा मागच्या चाकाचे, गिअरच्या बाजूचे. त्या मापाचे चार-पाच स्पोक आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) काढायचं हत्यार बरोबर ठेवा. टायर चिरला तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावून पुढचं गाव गाठता येतं. वाळूत हवा कमी करा, डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरा.

मग पाणी आणि उंची

नकाशावर आधी पाण्याची ठिकाणं खुणा करून घ्या, मुक्काम नंतर ठरवा. खडबडीत रस्त्यावर किंवा समोरच्या वाऱ्यात वेग सहज निम्म्यावर येतो, म्हणून पाण्याचा हिशोब किलोमीटरवर न करता तासांवर करा. कडक उन्हात दिवसाला सहा ते दहा लिटरही लागू शकतं. जलसंजीवनीची पाकिटं नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं ठणकत असेल तर आणखी चढायचं नाही.

आता माणसं

थॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवर जगाची फेरी मारून आला. निघताना सामान म्हणजे मोजे, जादा सदरा, तंबूचंही काम करणारा रेनकोट आणि एक पिस्तूल. एवढ्यावर निघालेल्या माणसाला लोकांच्या दाराशी जावंच लागतं.

दार ठोठवायचं ते सूर्य मावळायच्या तासभर आधी. अंधारात आलेला अनोळखी माणूस कुणालाही धास्तावतो. सायकलवरून उतरा, गॉगल आणि हेल्मेट काढा, चेहरा दिसू द्या. पहिल्यांदा फक्त पाणी मागा. बाटली भरेपर्यंत कुठून आलात, कुठे निघालात, हे विचारलं जातंच. मग "इथे तंबू कुठे लावला तर चालेल?" असं विचारा. "तुमच्याकडे राहू का?" म्हटलं की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. जागा विचारली तर तो लांबचं शेत दाखवील, शाळेचं आवार दाखवील, नाहीतर स्वतःचं अंगण. नकार मिळाला तर तेवढ्याच आदराने आभार मानून निघा. तुमच्यामागून येणाऱ्या सायकलस्वाराला त्याच दारात उभं राहायचं असतं.

एकटी बाई प्रवास करत असेल तर आधी घरातल्या बाईशी बोलावं. आणि मन कचरलं, कारण सांगता येत नसलं तरी, "पुढे सोबती थांबलेत" म्हणून सरळ निघावं. चांगुलपणावर विश्वास ठेवणं म्हणजे आपली सावधगिरी सोडणं नव्हे.

घरात घेतलं तर समोर ठेवलेलं थोडं तरी खा, पण ताट पाहून खा. ज्यांच्याकडे कमी असतं ते अनेकदा जास्त वाढतात. पैसे पुढे केले तर पुष्कळदा मान दुखावतो. त्यापेक्षा पाणी भरायला, लाकडं आणायला हात लावा, मुलांची सायकल नादुरुस्त असेल तर ती नीट करून द्या. तुमच्याकडे पंप आणि हत्यारं असतातच. फोटो विचारूनच काढा, आणि पाठवतो म्हणालात तर नक्की पाठवा.

निघताना पुढच्या टप्प्याबद्दल विचारून घ्या. विहीर आटली आहे का, पूल वाहून गेलाय का, दुपारी वारा कुठून सुटतो, हे त्यांना नकाशापेक्षा चांगलं माहीत असतं. त्यांचा नंबर घेतला असेल तर पुढच्या गावी पोचल्याचा निरोप द्या. ते वाट पाहत असतात. घरी परतल्यावर वॉर्मशॉवर्ससारख्या सायकलस्वारांच्या जाळ्यात यजमान म्हणून नाव नोंदवा, आणि एक जादा गादी तयार ठेवा.