बाजारात तुरी: बेसबॉलच्या ट्रेडवर भांडताना या चुका टाळा

जेम्स शील्ड्स नावाचा एक पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) होता. वर्षाला दोनशेच्या वर इनिंग टाकणारा, भरवशाचा, पण पहिल्या पाचांत नाव निघेल असा नव्हे. ट्रेडवर, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवर, आपण कसे चुकीचे भांडतो हे समजून घ्यायला हा एक माणूस पुरतो. त्याचे दोन ट्रेड झाले आणि दोन्ही वेळा आपली गणितं चुकली, तीही उलट्या दिशांनी.

पहिला ट्रेड डिसेंबर २०१२ मधला. कॅन्सस सिटी रॉयल्सनी टॅम्पा बेकडून शील्ड्स आणि वेड डेव्हिस घेतले. बदल्यात गेला विल मायर्स, जो तेव्हा मायनर लीगमधला (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचा) सगळ्यात गाजलेला पोरगा होता. सोबत जेक ओडोरिझी, माइक मॉन्टगोमेरी आणि आणखी एक जण. दोनच वर्षं हाती राहणाऱ्या शील्ड्ससाठी सहा वर्षं हाती राहणारा मायर्स दिला म्हणून रॉयल्सची यथेच्छ टिंगल झाली. २०१३ मध्ये मायर्स ‘रूकी ऑफ द इयर’ (वर्षातला सर्वोत्तम नवखा) ठरला, तेव्हा टिंगल करणाऱ्यांनी कॉलर ताठ केली. मग २०१४ मध्ये रॉयल्स २९ वर्षांनी प्लेऑफला पोचले, थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत (अंतिम फेरीपर्यंत) गेले, आणि २०१५ मध्ये ती जिंकले. तोवर शील्ड्स संघ सोडून गेला होता. शेवटचा आउट घेतला वेड डेव्हिसने. ट्रेडच्या दिवशी ज्याच्याबद्दल कुणी धड बोललंही नव्हतं, तोच हा.

दुसरा ट्रेड जून २०१६ मधला. सॅन डिएगो पाड्रेसना शील्ड्स नकोसा झाला होता. शेवटच्या सामन्यात तर तीन इनिंगही पूर्ण न करता त्याने दहा धावा दिल्या होत्या. शिकागो व्हाइट सॉक्सनी त्याला घेतलं आणि एरिक जॉन्सन नावाचा पिचर आणि एक १७ वर्षांचा मुलगा दिला. सगळी चर्चा झाली ती शील्ड्सच्या पगारातला किती भाग पाड्रेस भरणार यावर. मुलाने तोवर एकही व्यावसायिक सामना खेळला नव्हता. त्याचं नाव फर्नांडो तातिस ज्युनियर. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाड्रेसनी त्याच्याशी १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा करार केला.

म्हणजे एकदा होतकरू पोरांना आपण डोक्यावर घेतलं आणि एकदा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिली चूक: आजचा निकाल हातात धरून त्या दिवसाचा न्याय करणं

‘इतिहासातले सर्वांत वाईट ट्रेड’ अशा याद्यांमध्ये दोन नावं हमखास शेजारी शेजारी असतात. माझं म्हणणं असं की ती एका यादीत असूच नयेत.

ऑगस्ट १९८७. डेट्रॉइट टायगर्सनी अटलांटा ब्रेव्ह्जकडून ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर आणला आणि २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, त्यामुळे निकाल लागला असं सगळे धरून चालतात. पण अलेक्झांडरने टायगर्सकडून त्या मोसमात ११ सामने सुरू केले, ९ जिंकले, एकही हरला नाही, आणि त्याचा ईआरए होता १.५३. दर नऊ इनिंगला दीड धाव! टायगर्सनी टोरंटोला केवळ दोन सामन्यांच्या फरकाने मागे टाकून विभाग जिंकला. अलेक्झांडर नसता तर काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. आणि त्याच वेळी डबल-ए मध्ये (मायनर लीगच्या एका पातळीवर) स्मोल्ट्झचा ईआरए साडेपाचाच्या वर होता. टायगर्सना जे हवं होतं ते मिळालं. पुढे मिनेसोटाकडून ते हरले, पण तो ट्रेडचा दोष नाही.

आता ऑगस्ट १९९०. बॉस्टन रेड सॉक्सनी ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन नावाचा अनुभवी रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच येणारा पिचर) आणला. त्यानेही छान गोलंदाजी केली, पण ती किती? २२ इनिंग. बॉस्टनने विभाग जिंकला, ओकलंडने त्यांना चार सरळ सामन्यांत झोडपलं, आणि अँडरसन दुसऱ्या संघात गेला. बदल्यात दिलेला जेफ बॅगवेल त्या मोसमात डबल-ए मध्ये .३३३ च्या सरासरीने मारत होता आणि आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. थर्ड बेसवर वेड बॉग्ज असल्यामुळे त्याला जागा नव्हती, हे खरं. पण जागा नाही म्हणून घरातला ठेवा २२ इनिंगसाठी द्यायचा? बॅगवेल पुढच्याच वर्षी रूकी ऑफ द इयर झाला, १९९४ मध्ये एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला, कारकिर्दीत ४४९ होम रन मारले.

फरक कळतो का? बॉस्टनची चूक त्या दिवशीच्या कागदांवर दिसत होती. डेट्रॉइटची दिसत नव्हती. कोण पुढे मोठा झाला एवढंच बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. समोरच्याने स्मोल्ट्झ काढला की त्याला एवढंच विचारायचं: त्या दिवशी तुला काय माहीत असतं? बहुतेक वाद इथेच मऊ पडतो.

दुसरी चूक: नावं तोलणं आणि वर्षं विसरणं

भारतात राहून, सकाळी साडेपाचला गजर लावून वर्ल्ड सिरीज बघणाऱ्या आमच्यासारख्यांची ही खास चूक. आपलं डोकं आयपीएलवर घडलेलं. तिथे दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि बरीचशी पाटी पुसली जाते. मेजर लीगमध्ये तसं नाही. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत तो त्या संघाचाच. पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता), मग तीन वर्षं लवादाच्या आधारे ठरणारा, वाढता पण बाजारभावापेक्षा कमी पगार, आणि मग तो मोकळा. त्यामुळे ट्रेडमध्ये बदलतात ती माणसं कमी आणि स्वस्तातली वर्षं जास्त.

हुआन सोतो या बॅटरचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सनी त्याला पाड्रेसकडे पाठवला. १५ वर्षांचा, ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव त्याने नाकारला होता. तेव्हा तो मोकळा व्हायला अडीच मोसम बाकी होते. वॉशिंग्टनला मिळाले सीजे अब्राम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसल, हार्लिन सुसाना, वर ल्यूक व्हॉइट. अख्खी पिढीच म्हणा. पाड्रेसकडे सोतोसोबत जॉश बेलही आला. डिसेंबर २०२३ मध्ये पाड्रेसनी तोच सोतो यांकीजना दिला. वय अवघं २५, बॅट तीच. पण उरलं होतं एकच वर्ष. म्हणून या वेळी आले मायकेल किंग, ड्रू थॉर्प आणि आणखी काही पिचर, एक कॅचर. चांगला माल, पण वुड आणि अब्राम्सच्या तोडीची रास नव्हे. शिवाय सोबत ट्रेंट ग्रिशमही द्यावा लागला. ‘सोतोसारख्या माणसाचे एवढेच?’ असं ज्यांनी विचारलं त्यांनी सोतो मोजला, वर्ष मोजलं नाही. ते एक वर्ष संपल्यावर सोतो मेट्सकडे ७६.५ कोटी डॉलरला गेला आणि यांकीजच्या हातात त्या ट्रेडमधला सोतो उरला नाही.

मूकी बेट्सच्या ट्रेडवरही अशीच आग पाखडली जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉस्टनने त्याला डॉजर्सना दिलं आणि बदल्यात आले अलेक्स वर्दूगो, जीटर डाउन्स, कॉनर वाँग. बेट्सच्या बदली वर्दूगो म्हटलं की कुणाचंही रक्त उसळेल. पण बेट्सचं एकच वर्ष उरलं होतं, आणि सोबत डेव्हिड प्राइसचा अवजड करारही बॉस्टनने डॉजर्सच्या गळ्यात बांधला. त्यातली निम्मी रक्कम तेवढी स्वतः भरली. जुलै २०२० मध्ये बेट्सने डॉजर्सशी १२ वर्षांचा करार केला तो वेगळा निर्णय, वेगळ्या पैशांचा. माझ्या मते बॉस्टनची खरी चूक ट्रेडच्या आधीची आहे: असा खेळाडू धरून ठेवायला पैसा सोडायचा नाही, हे ठरवण्याची. एकदा ते ठरल्यावर बाजारात एका वर्षाला जेवढं मिळतं तेवढंच मिळणार. वाद घालायचाच तर तिथे घाला.

तिसरी चूक: यादीतला क्रमांक म्हणजे किंमत

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. दिसतही असतील, पण बेसबॉलच्या पाळण्यात डझनावारी मुलं असतात, आणि पिचर असेल तर त्याचं कोपर कधी दगा देईल हे पाळणा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

डिसेंबर २००७ मध्ये मिगेल काब्रेरा आणि डॉन्ट्रेल विलिस मायामीकडून (तेव्हा संघाचं नाव फ्लोरिडा मार्लिन्स) डेट्रॉइटला गेले. मार्लिन्सना सहा खेळाडू मिळाले, त्यात देशातल्या प्रॉस्पेक्ट्सच्या (होतकरू खेळाडूंच्या) यादीतल्या पहिल्या दहांपैकी दोन, कॅमेरॉन मेबिन आणि अँड्र्यू मिलर. कागदावर हा सौदा बरा दिसत होता. काब्रेराने २०१२ मध्ये ट्रिपल क्राउन (सरासरी, होम रन आणि मिळवून दिलेल्या धावा, तिन्हींत लीगमध्ये पहिला) जिंकला, जो १९६७ नंतर कुणीच जिंकला नव्हता. मिलर मोठा झाला, पण कितीतरी वर्षांनी, रिलीव्हर म्हणून आणि दुसऱ्यांच्या गणवेशात. मेबिनची कारकीर्द लांब झाली, पण त्याच्याबद्दल जे लिहिलं जायचं ते घडलं नाही.

क्रमांक वाचताना एक लक्षात ठेवा: पहिल्या पाचातला आणि तिसावा यांत खूप अंतर असतं, साठावा आणि नव्वदावा यांत जवळपास काहीच नसतं. पण वाद घालताना लोक ‘टॉप हंड्रेडमधले तीन दिले!’ असं एका दमात म्हणतात, जणू तिन्ही नाणी सारखीच. चार साधी पोरं मिळून एक काब्रेरा होत नाही हेही तितकंच खरं, कारण मैदानावर थर्ड बेसला एकच माणूस उभा राहतो.

चौथी चूक: दोन संघ, एक तराजू

जुलै २०१६. शिकागो कब्जनी आरोल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टोरेससकट चौघे यांकीजना दिले. चॅपमन मोसमाअखेर मोकळा होणार होता आणि झालाही, पुन्हा यांकीजकडेच गेला. टोरेस २०१८ आणि २०१९ मध्ये ऑल-स्टार. तराजूत टाकलं तर कब्ज लुटले गेले. पण कब्जनी १९०८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलीच नव्हती. त्यांच्या ताटात ती एकच गोष्ट हवी होती आणि ती पडली. त्यांच्यासाठी २०२१ मधल्या टोरेसला किंमत कमी, ऑक्टोबर २०१६ ला जास्त. यांकीजचं नेमकं उलट.

(या ट्रेडवरचा एक आक्षेप मात्र तराजूपलीकडचा होता. कौटुंबिक हिंसाचाराच्या धोरणाखाली चॅपमनला त्या वर्षी ३० सामन्यांची बंदी झाली होती. तो आक्षेप घेणाऱ्याला ‘पण जिंकले ना?’ हे उत्तर होत नाही.)

गंमत म्हणजे सातव्या सामन्यात चॅपमनने रजाय डेव्हिसला बरोबरीचा होम रन दिला, आणि दहाव्या इनिंगमधला शेवटचा आउट घेतला माइक मॉन्टगोमेरीने. हो, तोच, शील्ड्सच्या ट्रेडमधला चौघांतला एक. कुणाच्या हिशेबात त्याला धरायचं?

पाचवी चूक: छोटी अक्षरं न वाचणं

जुलै २०१८ मध्ये पिट्सबर्गने क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाउ आणि ऑस्टिन मेडोज दिले, आणि ‘नंतर कळवू तो एक खेळाडू’. आपण पहिली दोन नावं घेऊन मतं देऊन मोकळे झालो. दोन आठवड्यांनी तिसरं नाव आलं: शेन बाझ, वर्षभरापूर्वीच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) बारावा. शेपूट म्हणून लावलेलं ते नाव आधीच कळलं असतं तर पहिल्याच दिवशी पिट्सबर्गमध्ये बोंब झाली असती. तेव्हा अशी रिकामी जागा दिसली की नाव येईपर्यंत (सहा महिन्यांची मुदत असते) निकाल देऊ नका. पैसे कोण भरतोय आणि सोबत आलेला ‘आणखी एक रिलीव्हर’ कोण, हेही बघा. वेड डेव्हिस असाच आला होता.

आणि वंशावळ

शेवटची चूक मला स्वतःला आवरत नाही. एका ट्रेडमधून आलेला खेळाडू दुसऱ्यात गेला, त्यातून आलेला तिसऱ्यात, असं झाड काढत बसायचं आणि सगळी फळं पहिल्या ट्रेडच्या नावावर लिहायची. हे चुकीचं आहे. प्रत्येक फांदी हा स्वतंत्र निर्णय असतो, पुष्कळदा वेगळ्या परिस्थितीत घेतलेला. पण झाड काढताना मजा फार येते. सोतोचंच बघा. यांकीजकडून आलेला ड्रू थॉर्प पाड्रेसकडून एकही सामना खेळला नाही. मार्च २०२४ मध्ये तो डिलन सीजसाठी व्हाइट सॉक्सकडे गेला. २५ जुलै २०२४ ला सीजने नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता अख्खा सामना) टाकला. प्रतिस्पर्धी होते वॉशिंग्टन नॅशनल्स, मैदानही त्यांचंच, आणि शेवटचा आउट होता सीजे अब्राम्स.