रेकॉर्ड प्लेअरची भुणभुण कशी घालवायची

चोरबाजारातून हौसेने प्लेअर आणायचा, घरी लावायचा आणि गाण्याआधी ‘हूंऽऽ’ ऐकू आलं की तो माझ्याकडे गिरगावात मोटार बदलायला आणायचा, असा लोकांचा क्रम आहे. मोटार बहुतेक वेळा ठणठणीत असते. लावायची राहिलेली असते ती अर्थची, म्हणजे अर्थिंगची, तार.

ॲम्पला आवाज नेणाऱ्या लाल-पांढऱ्या आरसीए पिनांसोबत प्लेअरच्या मागून एक बारीक तार निघते, टोकाला दोन पायांची क्लिप असते. ॲम्प (ॲम्प्लिफायर) बंद करा, मागचा ‘जीएनडी’ (GND) लिहिलेला स्क्रू सैल करा, क्लिप त्याखाली सरकवा आणि आवळा. सुईचा बारीक सिग्नल ॲम्पच्या आधी वाढवणारा फोनो प्रीॲम्प वेगळा असेल तर तार त्याच्या स्क्रूला. प्रीॲम्प आतच बसवलेल्या बऱ्याच नव्या प्लेअरना ही तार नसते. तिथे शोधत बसू नका.

एवढ्याशा तारेचं एवढं काय? सुई जिला बसवलेली असते त्या डबीतून, म्हणजे नेहमीच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो. प्रीॲम्प तो साधारण शंभरपट वाढवतो, खर्ज तर त्याहून जास्त. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण नेमकी त्या खर्जातच बसते.

तार लावूनही आवाज येतोय? सुई धरणाऱ्या आर्मच्या धातूला बोट लावा. भुणभुण कमी-जास्त झाली तर जोड कच्चा आहे. आपल्या खाऱ्या हवेत स्क्रू आणि क्लिप हिरव्या पडतात. बारीक पॉलिश पेपरने घासा, मग आवळा. एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या हेडशेलमधल्या चार तारा बघा: लाल-हिरवी उजवी, पांढरी-निळी डावी. एखादी हमखास सुटलेली सापडते.

बोटाने काहीच फरक पडला नाही आणि टीव्हीचा आवाजही याच ॲम्पमधून घेत असाल, तर केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. शांत झालं? मग अर्थ दोन वाटांनी येतोय. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या; तरीही राहिलं तर लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात केबलच्या वायरीत बसवायचा, तिकडून येणारी अर्थची वाट तोडणारा आयसोलेटर मागा.

काही जण तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन काढून टाकतात. भुणभुण जाते, पण यंत्रात बिघाड झाला तर धातूच्या पेटीला हात लावणाऱ्याला शॉक बसेल. प्लेअरची तार भिंतीवरच्या बोर्डाच्या अर्थच्या भोकातही खुपसू नका. जुन्या चाळीत त्या भोकामागे वायरच नसते, असंही निघतं. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, तेही मीटर लावून. नुसता टेस्टर फिरवून ‘आहे आहे’ म्हणाला तर ऐकू नका.

सुई आतल्या गाण्यांकडे सरकेल तसा आवाज वाढत असेल तर मात्र अर्थचा संबंध नाही. कार्ट्रिज जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. ॲम्प प्लेअरच्या खाली किंवा शेजारी असेल तर हातभर लांब सरकवा.