नवा टीव्ही घेताय? आधी टेप हातात घ्या

आमचा मागचा टीव्ही खोक्यातून बाहेर काढला आणि त्याचे पाय टेबलावर मावेनात. टेबल ११० सेंटीमीटर लांब, टीव्ही ५५ इंची, आणि दोन पाय अगदी दोन टोकांना. दोन दिवस तो भिंतीला टेकून जमिनीवर उभा होता आणि शेजारून जाताना आम्ही सगळे अंग चोरून जात होतो. माहितीपत्रकात पायांमधलं अंतर व्यवस्थित छापलेलं होतं. पॅनेल, रंग, प्रोसेसर सगळं मी वाचलं होतं, नेमकी तेवढीच ओळ सोडून. म्हणून माझी यादी आता टेपपासून सुरू होते.

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. जागा मात्र रुंदी-उंचीची लागते. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटीमीटर रुंद असतो, ५५ इंची १२२ आणि ६५ इंची १४४; कडेची पट्टी वेगळी. ही मापं भिंतीवर कागदी चिकटपट्टीने आखा आणि चौकट एक पूर्ण दिवस तशीच राहू द्या. दार उघडल्यावर आड येतं का, दुपारचं ऊन थेट त्यावर पडतं का, रात्री छतावरचा दिवा नेमका तिथेच चमकेल का, हे सगळं फुकटात कळतं.

मग नेहमीच्या जागी बसा आणि डोळ्यांपासून त्या चौकटीपर्यंतचं अंतर इंचांत मोजा. त्याला १.६ ने भागलं की साधारण आकार हाती येतो. ८ फूट म्हणजे ९६ इंच, भागिले १.६, आले ६०. तेव्हा ५५ किंवा ६५. अंधार करून चित्रपट बघायची हौस असेल तर १.२ ने भागा, मग उत्तर ८० येईल. मी स्वतः १.६ वाला. दिवसभर बातम्या चालणाऱ्या घरात भिंतभर निवेदकाचा चेहरा फार दमवतो. उंचीचं म्हणाल, तर पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा, जमिनीपासून अंदाजे १०० ते ११० सेंटीमीटर. बहुतेक घरांत टीव्ही याच्या बराच वर टांगलेला दिसतो, कारण भोक पाडणारा उभा असतो आणि बघणारे बसलेले.

आता पडदा. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, फुल एचडीच्या चौपट, आणि मोठ्या आकारात आता तेच सर्रास मिळतं. ८केचा विचार सोडून द्या, त्यावर बघायला पुरेसं काही नाही. डोकं खर्च करावं ते पॅनेलवर, कारण नावं मुद्दाम सारखी ठेवल्यासारखी आहेत. एलईडी म्हणून विकला जातो तो खरं तर एलसीडी, फक्त मागचा उजेड एलईडी दिव्यांचा. क्यूएलईडी हाही एलसीडीच, त्यात क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, थर असल्याने रंग अधिक गडद आणि शुद्ध दिसतात. ओएलईडी मात्र वेगळ्याच जातीचा. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. त्याची दुखरी बाजू अशी, की एकच वाहिनी रोज तासन्‌तास लावून ठेवली तर कोपऱ्यातला लोगो किंवा खालची पट्टी कालांतराने पडद्यावर कायमची उमटू शकते. म्हणजे भरपूर उजेडाची खोली आणि सतत चालू राहणाऱ्या बातम्या असतील तर मिनी एलईडी बरा; तोही एलसीडीच, फक्त मागचे दिवे खूप बारीक आणि खूप जास्त. रात्री, दिवे मालवून बघणाऱ्यांनी ओएलईडी.

एलसीडी घेणार असाल तर बाजूला उभं राहूनही बघा. एलसीडी पॅनेलच्या दोन मुख्य जाती, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस पॅनेल कडेच्या खुर्चीवरूनही नीट दिसतं, पण त्याचा काळा रंग राखाडीकडे झुकतो. व्हीएचं अगदी उलट. आणि हर्ट्झच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. 'मोशन' असं काहीतरी नाव देऊन छापलेले आकडे कंपनीचे स्वतःचे हिशेब असतात. पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं, ६० की १२०, एवढंच विचारा. गेम खेळणारं कोणी घरात असेल तर १२०, नाहीतर ६० वर कुणाचं अडत नाही. एचडीआर, म्हणजे झळाळता उजेड आणि गडद अंधार दोन्ही ठळक दाखवण्याची सोय, तिच्या शिक्क्याबद्दलही तेच. तो मंद उजेडाच्या टीव्हीवरही असतो, पण उजेडच नसेल तर त्या शिक्क्याने फरक पडत नाही.

टीव्ही कुठल्या सॉफ्टवेअरवर चालतो, गूगल टीव्ही, टायझन की वेबओएस, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. माझं मत वेगळं आहे. तुम्ही रोज वापरता ती अ‍ॅप त्यावर चालतात एवढं तपासा आणि पुढे व्हा. चार वर्षांनी सॉफ्टवेअर रखडायला लागलं तर एक छोटी स्टिक एचडीएमआयमध्ये खोचून काम भागतं. पॅनेल काही असं बदलता येत नाही.

दुकानात टीव्हीची पाठ बघायला लाजू नका. सेटटॉप बॉक्स, साउंडबार आणि गेमचा कन्सोल म्हटलं की तीन एचडीएमआय पोर्ट गेलेच, त्यामुळे दोनवाला टीव्ही पहिल्याच दिवशी अपुरा पडतो. त्यातल्या एका पोर्टशेजारी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं; साउंडबार तिथेच जोडायचा, इतरत्र जोडला तर टीव्हीचा आवाज त्यात येत नाही. पोर्टांची तोंडं कुठे आहेत हेही पाहा. सरळ मागे असतील तर भिंतीला टीव्ही टेकवल्यावर तिथे वायरच काय, बोटही शिरत नाही. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचं जुनं उपकरण अजून वापरात असेल, किंवा हेडफोनचं भोक हवं असेल, तर तेही आत्ताच विचारून घ्या, कारण नव्या मॉडेलांतून ही दोन्ही हळूहळू गळत चालली आहेत.

भिंतीवर लावायचा असेल तर मागच्या चार स्क्रूंमधलं अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, २०० गुणिले २०० किंवा ३०० गुणिले ३०० असं. ब्रॅकेट त्याच मापाचं हवं आणि टीव्हीचं वजन पेलणारं हवं. भिंत वीट-सिमेंटची की पोकळ, हे लावायला येणाऱ्याला आधीच सांगा. प्लग-पॉइंट पडद्याच्या आड येईल असा असला तर उत्तम. नसला तर टीव्हीची स्वतःची वायर बहुधा आखूड पडते, तेव्हा चांगलं सर्ज प्रोटेक्टर असलेलं एक्स्टेन्शन आणून ठेवा.

इंटरनेटची परीक्षा फोनवर घेता येते. जिथे टीव्ही येणार तिथेच उभं राहून वेग मोजा, राउटरपाशी नाही. ४के चित्रपटासाठी १५ ते २५ एमबीपीएस अखंड मिळायला हवेत. वायफायचे दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतींपुढे दमणारा, २.४ चा संथ, पण लांब पोचणारा. लॅनची वायर ओढली तर जोडणी पक्की राहते. मात्र बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे घरचा प्लॅन कितीही मोठा असला तरी वेग तिथे येऊन अडतो. स्ट्रीमिंगला तेवढा पुरून उरतो.

आणि पासवर्ड! वायफायचा, ईमेल खात्याचा, प्रत्येक अ‍ॅपचा, सगळे आदल्या रात्री कागदावर उतरवा. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठताना पाठ असलेला पासवर्डही डोक्यातून जातो, आणि ओटीपी येणारा फोन नेमका बाहेर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो.

टीव्ही येईल त्या दिवशी घरात दोन धडधाकट माणसं हवीत. पडदा नेहमी उभा धरायचा, आडवा झोपवायचा नाही, आणि काचेवर अंगठे रोवायचे नाहीत. आणणारा माणूस जायच्या आत एकदा सुरू करून पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून बघा. तडा किंवा मेलेला ठिपका त्यात दिसतो. मागच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा. खोकं निदान परत करण्याची मुदत संपेपर्यंत फेकू नका. भिंतीवर चढवायच्या आधी सगळ्या वायरी जोडून घ्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवा. वर्षभराने अंधारात हात घालून चाचपडाल तेव्हा त्या चिठ्ठीची किंमत कळेल.

पहिल्यांदा सुरू केल्यावर 'घर की दुकान' असा प्रश्न आला तर घरच निवडा. दुकानाच्या पर्यायात रंग भडक होतात आणि मधूनमधून जाहिराती सुरू होतात. पुढे करारांची माळ येते. तिथे सगळ्यांना 'मान्य' म्हणायची घाई नको. पडद्यावर काय चाललं आहे ते ओळखून कंपनीला कळवण्याची सोय बऱ्याच टीव्हींत असते. २०१७ मध्ये अमेरिकेत विझिओ कंपनीला संमतीशिवाय अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २२ लाख डॉलर मोजावे लागले होते. सेटिंगमध्ये शोधून ही सोय बंद करा. टीव्ही त्याविना छान चालतो.

मग सॉफ्टवेअर अपडेट होऊ द्या आणि सीईसी चालू करा, म्हणजे एकाच रिमोटने साउंडबारचा आवाजही हलतो. कंपन्यांनी याला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगकडे एनीनेट प्लस, एलजीकडे सिम्पलिंक, सोनीकडे ब्राविया सिंक. कन्सोल जोडलात आणि चित्र फिकट वाटलं, तर त्या एचडीएमआय पोर्टचा सिग्नल सेटिंगमधून 'एन्हान्स्ड' करून बघा, बऱ्याचदा दोष तिथेच असतो. चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत सरकायला लागला की मोशन स्मूदिंग बंद करा, किंवा 'सिनेमा' नाहीतर 'फिल्ममेकर' मोड लावा. या मोडमध्ये पहिल्या दिवशी रंग पिवळट वाटतात, दोन-तीन दिवसांत डोळे सरावतात. पडदा कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसायचा, काचेचा स्प्रे लांब ठेवायचा.

जुना टीव्ही स्मार्ट असेल आणि कुणाला देणार असाल, तर खातं काढून टाका आणि फॅक्टरी रीसेट करूनच द्या. मी विसरलो होतो. पुढचे तीन महिने माझ्या यादीत 'पाहणं सुरू ठेवा' म्हणून पाळण्यातल्या बाळांची गाणी येत राहिली.