‘रात्रीस खेळ चाले’ सलग पाहायची असेल तर

कोकणातल्या एका वाड्यात घडणारी ही भय-रहस्य मालिका सलग पाहायला बसण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेताना पुष्कळ जण चुकतात. तो निर्णय म्हणजे सुरुवात कोणत्या पर्वापासून करायची. पहिले पर्व झी मराठीवर 22 फेब्रुवारी 2016 रोजी सुरू झाले, दुसरे 14 जानेवारी 2019 रोजी आणि तिसरे 22 मार्च 2021 रोजी. यांतील दुसरे पर्व पहिल्याच्या आधीची गोष्ट सांगते. त्यामुळे कालक्रमाने जाण्याचा मोह होतो, शिवाय वाड्याचे कुटुंबप्रमुख अण्णा नाईक आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांचे नाव सर्वाधिक गाजले तेही त्याच पर्वात. हा मोह टाळावा. पहिल्या पर्वाची सुरुवात अण्णांच्या मृत्यूने होते. ज्या माणसाला आपण धड पाहिलेलेही नाही, त्याचा धाक वाड्यातल्या प्रत्येकाच्या बोलण्यात, अर्धवट सोडलेल्या वाक्यांत आणि एकमेकांवरच्या संशयात जाणवत राहतो, आणि आपण तुकड्या-तुकड्यांनी त्याची मूर्ती मनात उभी करतो. दुसरे पर्व आधी पाहिले की ती मूर्ती आयतीच हाती येते आणि रहस्याचा निम्मा जीव तिथेच जातो.

पहिल्या पर्वाचे रहस्य शेवटी उलगडते, म्हणून ते संपेपर्यंत मालिकेचे नाव मोबाइलवर शोधू नये. शोधपट्टीत पहिले दोन शब्द लिहिताच पुढच्या सूचनांतून नको ती माहिती डोळ्यांसमोर येण्याची शक्यता असते. झी फाइव्हवर पुढच्या भागांची चित्रे आणि मथळेही वाचत बसू नये. सहकाऱ्यांना ‘मी आत्ता बघायला घेतली आहे’ असे सांगण्याचा धोका तर मुळीच पत्करू नये, कारण लोकलच्या डब्यात उभ्याउभ्या शेवट सांगून टाकणारा एखादा तरी भेटतोच.

आता गतीविषयी. ही दैनंदिन मालिका आहे आणि ती रात्री साडेदहाच्या एका घासासाठी रचलेली आहे. प्रत्येक भागाच्या आरंभी मागची उजळणी असते आणि शेवटी दार करकरते किंवा कोणीतरी किंचाळते. सलग पाहताना उजळणी निःसंकोच पुढे ढकलावी, पण थांबायचे कुठे हे मात्र विचारपूर्वक ठरवावे. भागाच्या शेवटी थांबायचे म्हटले तर थांबणे होतच नाही आणि पहाटेचे तीन वाजतात. त्याऐवजी पुढचा भाग लावून पाच-सात मिनिटे पाहावा. ज्या सावलीने काळजात धस्स केले होते, ती बऱ्याचदा घरातल्याच कोणाची तरी निघते, आणि तिथे टीव्ही बंद करणे सोपे जाते. दिवसाला चार ते सहा भाग पुरेत. त्याहून अधिक पाहिले की भीती बोथट होते आणि कथेतला कौटुंबिक वादाचा भाग, विशेषतः मधल्या टप्प्यात, लांबल्यासारखा वाटू लागतो. मला तो तसा वाटलाही.

प्रवासात मोबाइलवर पाहण्याचा विचार सोडून द्यावा. मालिकेतले कितीतरी प्रसंग कंदिलाच्या किंवा एका मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात घडतात, आणि दुपारी अंधेरी ते चर्चगेट प्रवासात पडद्यावर आपला स्वतःचाच चेहरा दिसतो. घरी खोलीतला मोठा दिवा मालवावा आणि टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा ठेवावा. वन-रूम-किचनमध्ये कोणी झोपलेले असेल, तर इअरफोन घालावेत. आवाज कमी करून पाहण्यात अर्थ नाही, कारण इथली भीती चेहऱ्यांपेक्षा रातकिडे, पावले आणि शांततेतून अधिक येते.

भाषेची तयारी मात्र आवश्यक आहे. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या वाड्यात झाले आहे आणि संवादांत मालवणीचा मोठा वाटा आहे. ‘माका’, ‘तुका’, ‘खय’, ‘इलो’, ‘झील’, ‘चेडू’ हे शब्द म्हणजे अनुक्रमे मला, तुला, कुठे, आलो, मुलगा आणि मुलगी. एवढ्यावर दोन दिवसांत कान सरावतो. त्यापलीकडचे शब्द श्रद्धेशी निगडित आहेत. गावाचे किंवा जागेचे रक्षण करणारी अदृश्य शक्ती म्हणजे राखणदार, देवापुढे सविस्तर मांडलेली विनवणी म्हणजे गाऱ्हाणे आणि देवाच्या मूर्तीला फुले, पाकळ्या किंवा तांदूळ लावून कोणत्या बाजूचे आधी पडते यावरून उत्तर घेणे म्हणजे कौल. हे ठाऊक असले की एखाद्या प्रसंगातला ताण सर्वांत आधी कोणाच्या चेहऱ्यावर का उमटतो, ते कळते. लालबाग-परळकडच्या एखाद्या मालवणी आजींना शेजारी बसवता आले तर उत्तमच. त्या अधूनमधून ‘असा नसता गो’ म्हणून पटकथेवर टीका करतील, आणि ती ऐकण्याजोगी असेल. कोकणाचे चित्रण अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे आहे, असा आक्षेप 2016 मध्येच घेतला गेला होता. म्हणून शाळकरी मुले सोबत असतील तर मुंबईहून गावी आलेल्या आणि प्रत्येक गोष्टीमागचे कारण शोधणाऱ्या निलिमा या सुनेचे प्रश्न त्यांना लक्षपूर्वक ऐकू द्यावेत.

पहिले पर्व संपल्यावर आठवडाभर थांबावे आणि मग दुसऱ्याकडे वळावे. त्यात माधव अभ्यंकरांचे अण्णा पाहताना पहिल्या पर्वातली कुजबुज आठवत राहते, आणि ती विरायच्या आत पाहणे योग्य. तिसऱ्या पर्वाची घाई नाही. ते एखाद्या पावसाळी रविवारसाठी राखून ठेवले तरी चालते.